घरच्या स्टुडिओचा पहिला माईक: खोलीपासून खरेदीपर्यंत

पहिला माईक घेताना बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. व्हिडिओ पाहून आधी माईक ठरतो, मग त्याला लागणारा इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारी डबी, शोधला जातो, उरल्या पैशात स्टँड आणि केबल येते. खोलीकडे लक्ष जातं ते पहिलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर, आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. आधी खोली बघावी, मग काय रेकॉर्ड करायचं ते ठरवावं, मग इंटरफेस, आणि माईक सगळ्यात शेवटी.

शिवाजी पेठेतला जुना वाडा असो की आर. के. नगरातला फ्लॅट, कोल्हापुरात घरचा स्टुडिओ म्हणजे साधारण दहा बाय बाराची खोली. खाली शहाबादी नाहीतर टाइल्स, प्लास्टरच्या उघड्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा आणि गल्लीकडे उघडणारी खिडकी. अशा खोलीत पहिला माईक डायनॅमिक, म्हणजे मंचावर हातात धरतात तसा, तोंडाजवळ न्यायचा घ्यावा; कंडेन्सर, म्हणजे जास्त नाजूक, दुरूनही टिपणारा, नंतर. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

आधी खोली ऐका

पंखा बंद, खिडक्या बंद. फोनवर एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. सकाळी सहाला, दुपारी, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला. मग हेडफोन लावून आवाज वाढवून ऐका. एरवी कानाला सवय झालेले आवाज इथे उघडे पडतात: शेजारचा फ्रीज, इन्व्हर्टरची घरघर, वरच्या मजल्यावरची मोटर, वळणावर गिअर टाकणारा टेम्पो. चारांतली सगळ्यात शांत वेळ कोणती हे कळलं की रेकॉर्डिंगचं वेळापत्रक आपोआप ठरतं. गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की संध्याकाळ गेलीच समजा. पत्र्याच्या खोलीत जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबेपर्यंत बसून राहावं लागतं. त्यावर कुठल्याही किमतीचा माईक तोड नाही.

नंतर खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून बारीक ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. तोच आवाज रेकॉर्डिंगमध्ये ‘डब्यात गायल्यासारखा’ येतो.

उपाय घरातच आहे: वाकळ. जुन्या साड्यांची, चार-पाच थरांची जाड वाकळ दोरीवर दुहेरी करून टांगा, पण भिंतीला चिकटवून नको. मध्ये पाच-सहा इंच जागा सोडली तर तीच वाकळ जास्त काम करते. आणि ती टांगायची गायकाच्या पाठीमागे. माईक गायकाकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला गायकाच्या मागची भिंतच सरळ दिसते. बरेच जण माईकच्या मागच्या भिंतीवर फोम चिकटवतात आणि मग फरक का पडला नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. दुसरी वाकळ बाजूच्या भिंतीला, खाली जाजम किंवा सतरंजी. घोंगडं असेल तर उत्तम. अंड्यांच्या ट्रेवर वेळ घालवू नका; पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही. वाकळीनंही रस्त्यावरच्या ट्रकची घरघर थांबत नाही. ती फक्त खोलीतला मधला आणि बारीक घुम कमी करते, गाण्याच्या आवाजाला तेवढं पुष्कळ होतं.

उभं कुठं राहायचं? कोपऱ्यात नको, तिथं खर्ज फुगतो. खोलीच्या नेमक्या मध्यावरही नको. लांबीच्या साधारण एकतृतीयांशावर, तोंड मोकळ्या बाजूला.

डायनॅमिक की कंडेन्सर

‘डायनॅमिक माईक खोलीचा आवाज घेत नाही’ हे अर्धसत्य आहे. माईक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, पण खोलीचा घुम आणि पंख्याची घरघर होती तेवढीच राहते. १६ इंचांवरून ४ इंचांवर आलात तर खोलीच्या तुलनेत आवाज १२ डेसिबलनं वर येतो. डायनॅमिक माईकला तोंडाजवळ धरावंच लागतं, म्हणून खोली मागे पडते. तोच माईक दीड फुटावर ठेवून गायलात तर गेन, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, वर न्यावा लागेल आणि सगळी गल्ली त्यात येईल.

कंडेन्सर दूरवरूनही बारीकसारीक टिपतो. बासरीतली फुंक, तंबोऱ्याची जवारी, गळ्यातली श्रुती, सगळं. म्हणून शास्त्रीय गायन आणि नाजूक वाद्यं यांना तोच शोभतो. पण त्यासाठी आठ-अठरा इंच अंतर लागतं आणि त्या अंतरावर खोलीही गायला लागते. खोली वाकळींनी भरून घेतली असेल, घर मुख्य रस्त्यापासून आत असेल आणि तुम्ही ख्याल, भावगीत, बासरी किंवा सतार रेकॉर्ड करणार असाल, तर पहिलाच माईक कंडेन्सर घ्यायला हरकत नाही.

पोवाडा, गोंधळ, भजन, पॉडकास्ट, पुस्तकवाचन यांपैकी काही असेल तर डायनॅमिक. शाहिरी आवाज जवळून इतका मोठा असतो की स्वस्त कंडेन्सरमधून तो फाटतो, आणि ‘भवानी’, ‘फौज’, ‘धडाड’ असल्या महाप्राण शब्दांचा वारा माईकच्या आतल्या पातळ पडद्यावर सरळ आदळतो.

यूएसबी, एक्सएलआर आणि पी-३८

यूएसबी माईकमध्ये इंटरफेस आतच असतो. लॅपटॉपला लावला की काम सुरू. एक्सएलआर माईक मात्र तीन पिनांच्या केबलनं इंटरफेसला जोडावा लागतो. एकट्यानं बोलायचं असेल तर हे सोयीचं आहे. पण हार्मोनियमसाठी दुसरा माईक लावायची वेळ आली की दोन यूएसबी माईक एकत्र चालवताना डोकं फिरतं. प्रत्येकाच्या आतलं घड्याळ वेगळं असल्यानं दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅक एकमेकांपासून सरकत जातात. मधला मार्ग म्हणजे दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक माईक, उदाहरणार्थ सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स. आज यूएसबीवर, उद्या इंटरफेस आला की एक्सएलआरवर.

साऊंडवाल्यांकडचे आहुजाचे बरेच माईक पी-३८ पिनच्या, म्हणजे गिटारला असते तशा जाड एकेरी पिनच्या, केबलसह येतात. असा माईक इंटरफेसच्या गिटार-इनपुटमध्ये खुपसला तर आवाज येतो, पण बारीक आणि खरखरीत. माईकची तीन पिनांची केबल एक्सएलआर इनपुटलाच जायला हवी. केबल स्थानिक बनावटीची असेल तर मल्टिमीटरनं तपासा: पहिली पिन पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला. पहिली आणि तिसरी आतून जोडलेली निघाली तर ती केबल मंडपासाठी ठीक, स्टुडिओत नको.

कॉलरला लावायचा बोया बीवाय-एम१ मोबाईलवर मुलाखती घेण्यासाठी स्वस्त आणि बरा आहे. पण तो चारही बाजूंनी ऐकतो, त्यामुळे गाण्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

इंटरफेसमध्ये बघायच्या तीन गोष्टी

पहिली, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसनं केबलमधूनच माईकला दिलेली वीज. कंडेन्सरला तो लागतोच. दुसरी, किती इनपुट. गाता गाता पेटी वाजवणार असाल तर दोन माईक-इनपुट हवेत. ‘दोन इनपुट’ लिहिलेल्या पुष्कळ स्वस्त इंटरफेसांत माईकचा एकच असतो आणि दुसरा गिटारचा. तिसरी गोष्ट गेन, आणि इथं फसगत जास्त होते.

श्युअरच्या एसएम५८ या डायनॅमिकची संवेदनशीलता १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या कंडेन्सरची १४.१. म्हणजे तेवढ्याच आवाजाला डायनॅमिककडून सतरा-अठरा डेसिबल कमी सिग्नल येतो आणि तो इंटरफेसला वाढवावा लागतो. पॉडकास्टवाल्यांचा लाडका, श्युअरचाच डायनॅमिक एसएम७बी तर किमान ६० डेसिबल गेन मागतो. फोकसराइट स्कार्लेट सोलो या इंटरफेसच्या चौथ्या पिढीत गेनची मर्यादा ५७ डेसिबल आहे, त्याच्याच थोरल्या भावात, २आय२मध्ये, ६९. हळू बोलणाऱ्यानं सोलोवर एसएम७बी लावला तर गेन शेवटपर्यंत फिरवूनही आवाज लहानच राहतो. शाहिराला हा प्रश्न पडत नाही; त्याच्याकडून मिळणारा सिग्नल सोलोला पुरून उरतो. तेव्हा गेनचा आकडा तुमच्या गळ्याशी ताडून पाहा.

कोणते माईक बघावेत

कमी पैशात बेहरिंगर एक्सएम८५०० हा डायनॅमिक सुरुवातीला पुरतो. त्याच्या वर श्युअरचे दोन जुने गडी, एसएम५७ (१९६५) आणि एसएम५८ (१९६६). आतला भाग बराचसा सारखा. ५८च्या डोक्यावर जाळीचा गोळा असल्यानं तो गाण्याला सोपा, ५७ ढोलकीजवळ न्यायला सोपा. एकच घ्यायचा तर ५८. आदळआपट सोसतो, पुन्हा विकायला गेलात तरी भाव येतो, आणि शहरातल्या जवळपास प्रत्येक साऊंडवाल्याकडे असतो. या शेवटच्या गोष्टीचा फायदा घ्या: एका संध्याकाळसाठी माईक भाड्यानं आणा आणि स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या आवाजावर ऐकून बघा. दहा व्हिडिओंपेक्षा त्या दोन तासांत जास्त कळतं.

कंडेन्सरमध्ये ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा सरळमार्गी पर्याय आहे: कार्डिऑइड (म्हणजे समोरचं जास्त, पाठीमागचं कमी ऐकणारा), १४४ डेसिबलपर्यंतचा दाब सोसणारा, वर एकही बटण नाही. एकेजी पी१२०वर आवाज कमी करणारा पॅड आणि खर्ज कापणारं बटण मिळतं. थोडं ताणता आलं तर रोड एनटी१. त्याच्या पाचव्या पिढीचा स्वतःचा आवाज, म्हणजे शांततेत माईकमधूनच येणारा सुसकारा, जेमतेम ४ डेसिबल आहे, एटी२०२०चा २०. पण या आकड्याला भुलण्याआधी खोलीचा विचार करा. शहरातल्या बंद खोलीत मध्यरात्रीही यापेक्षा बराच जास्त आवाज असतो. जवळून गाणाऱ्याला २० आणि ४मधला फरक कळणारही नाही. तो कळतो तीन फुटांवरून बासरी किंवा तंबोरा टिपताना.

बीएम-८०० नावानं मिळणाऱ्या संचांबद्दल सरळ सांगायचं तर नको. माईक, त्याला धरणारा हात, पॉप फिल्टर (तोंडचा वारा अडवणारी जाळी), रंगीत साऊंडकार्ड असं सगळं एका खोक्यात अगदी स्वस्तात मिळतं. मोठ्या डोक्याच्या आत बहुतेकदा बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल (आवाज पकडणारा साधा, स्वस्त भाग) असते, आणि सोबतची ३.५ मिमी पिनची केबल फोन किंवा लॅपटॉपमधून मिळणाऱ्या दोन-तीन व्होल्टवर तिला चालवते. आवाज बारीक येतो, तो वाढवला की सुसकारा वाढतो.

पैसे कसे वाटायचे

भाव महिन्या-महिन्याला हलतात, म्हणून हे आकडे वाटणीचा अंदाज म्हणून घ्या. पंधरा हजार असतील तर पाच-सहा इंटरफेसला, तीन-चार माईकला, अडीच बंद कपांच्या हेडफोनला, आणि उरलेले स्टँड, केबल, पॉप फिल्टरला. हेडफोन उघड्या कपांचे किंवा साधे इअरफोन असतील तर ट्रॅकचा आवाज आणि तालासाठी लावलेली क्लिक गळून माईकमध्ये जाते, मग मिक्स करताना ती काढता येत नाही. पंचवीस हजार असतील तर इंटरफेस दोन माईक-इनपुटचा घ्या आणि एसएम५८कडे जा. पाच हजारच असतील तर इंटरफेसच्या मागे लागू नका. फोन, चांगला हेडफोन आणि दोन वाकळी घेऊन सराव करा, पैसे साठवा.

स्टँडवर फार काटकसर नको. हलका तिपाई स्टँड कंडेन्सरच्या वजनानं हळूहळू झुकतो आणि गाणं अर्ध्यावर असताना माईक हनुवटीखाली गेलेला असतो. पॉप फिल्टर मात्र घरी होतो: भरतकामाची गोल रिंग आणि तिच्यावर ताणून बसवलेला नायलॉनचा पातळ मोजा.

एसएम५८च्या नकला बाजारात भरपूर आहेत. बिल आणि वॉरंटी देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. निम्म्या भावात ‘ओरिजिनल’ कोणी देत नाही. खऱ्या एसएम५८चं वजन २९८ ग्रॅम आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा, बराच फरक आला तर शंका घ्या.

माईक घरी आल्यावर

गेन शून्यावर आणि हेडफोनचा आवाज बंद. केबल लावा, मग फँटम सुरू करा, अर्धा मिनिट थांबा, मग गेन हळूहळू वाढवा. बंद करताना उलट क्रम: गेन खाली, फँटम बंद, थोडं थांबून केबल काढा. साध्या तीन पिनांच्या बरोबर जोडलेल्या केबलवर फँटमनं डायनॅमिक माईकला काही होत नाही, तरी तो बंद ठेवायची सवय बरी.

सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ गायला लावा आणि तिचं टोक मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास येईल असा गेन ठेवा; शून्याला आवाज फाटतो. पोवाड्यात उणे १५. चाचणीत कोणी पूर्ण दमानं गात नाही, खऱ्या टेकला आवाज चढतोच. आलेख भरगच्च दिसावा म्हणून गेन वाढवू नका. लाल दिवा लागला की फाटलेला आवाज परत जुळत नाही, आणि लहान आवाज मात्र नंतर हवा तेवढा मोठा करता येतो.

डायनॅमिक असेल तर तोंडापासून चार इंच, चढ्या तानेला आठ-दहा इंच. दोन इंचांच्या आत आलात की खर्ज फुगतो, आवाज घोगरा होतो. कंडेन्सर आठ ते बारा इंच, नाकाच्या पातळीवर, ओठांकडे किंचित तिरपा. पॉप फिल्टर माईकपासून दोन-तीन इंचांवर. फ, भ, ठ, ख फारच आदळत असतील तर माईक समोरून वीस-तीस अंश बाजूला घ्या. तोंडचा वारा सरळ पुढे जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो.

कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून त्याची पाठ खिडकीकडे किंवा लॅपटॉपच्या पंख्याकडे हवी. सुपरकार्डिऑइडचा, म्हणजे समोर आणखी अरुंद ऐकणाऱ्या माईकचा, बहिरा कोपरा नेमका मागे नसतो, समोरून मोजला तर सव्वाशे अंशांच्या आसपास येतो; त्यामुळे त्याला खिडकीच्या थोडं तिरकं ठेवावं लागतं.

पेटी वाजवत गाणाऱ्यासाठी गाण्याचा माईक खालून वर, ओठांकडे रोखलेला ठेवा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे जाते. पेटीचा स्वतंत्र माईक सुरांच्या वर दीड-दोन फुटांवर, भात्याच्या वाऱ्यापासून लांब. दोन माईक एकमेकांपासून जमेल तेवढे लांब असू द्या; प्रत्येकाच्या आपल्या आवाजापासूनच्या अंतराच्या तिप्पट जमलं तर उत्तम. नाहीतर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवल्यावर आवाज पोकळ होतो. तबला-डग्ग्याला दोन्हींच्या मधोमध वर दहा-बारा इंचांवर एक माईक पुरतो. ढोलकीला समोरून दीड-दोन फूट, म्हणजे शाई आणि धुम दोन्ही तोलात येतात. हलगीला तीन फुटांच्या आत जाऊ नका आणि कातड्याच्या मधोमध नेम धरू नका, कडेकडे वळवा. टाळ-झांज सगळ्यांत लांब. त्यांचा आवाज बारीक असून इतका टोचरा असतो की भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये बाकी सगळं झाकून टाकतो. शाहिराचा डफ शक्य तर वेगळा वाजवून घ्या. हातात घेऊनच गायचं असेल तर डफ छातीवरून कमरेकडे उतरवायला सांगा. मोबाईलमधला तंबोरा माईकसमोर वाजवू नका, फाइल थेट ट्रॅकवर टाका. मिरजेचा खरा तंबोरा असेल तर गोष्ट वेगळी; त्याच्या घोडीपासून एक-दीड फुटावर कंडेन्सर लावा आणि गाण्याच्या आधी किंवा नंतर एकटा वाजवून घ्या.

घरघर, खरखर आणि झिणझिण्या

सलग ‘हूंऽऽ’ ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर हूं थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तारच जोडलेली नसते. लॅपटॉप किंवा माईकच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रेकॉर्डिंग थांबवून आधी वायरमनला बोलवा.

‘झर्रर्र’ आवाज असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करत असाल आणि तो स्क्वेअर-वेव्ह असेल, तर झरझर येणारच. लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि दिवे बंद करून काम उरका. माईकची केबल विजेच्या तारेला समांतर टाकू नका. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

पावसाळ्यात कंडेन्सर अधूनमधून फटफटला, तडतडला किंवा आवाज एकाएकी खाली गेला, तर इंटरफेस दुरुस्तीला नेण्याआधी दमटपणा तपासा. पडद्यावरचा विद्युतभार ओलसर हवेतून गळत असतो. माईक एक रात्र कोरड्या खोलीत ठेवून पुन्हा लावा. बहुतेक वेळा तो ताळ्यावर येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर वेळी वापर झाला की माईक स्टँडवर न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची भुकटी जाळीतून आत जाते. रंग बदलणारं जेल घेतलं असेल तर केशरीचा हिरवा झाला की पुडीतून काढून जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या कढईत मंद आचेवर पुन्हा केशरी होईपर्यंत गरम करा, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाका.